राखीव वनाचे अनुकूली व्यवस्थापन: निर्णयापासून मोजणीपर्यंत आणि मोजणीपासून निर्णयापर्यंत

उष्णकटिबंधीय राखीव वनांबद्दल माहितीचा तुटवडा आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात अनेक वनांच्या कार्यालयांत कॅमेरा ट्रॅपची (प्राणी समोर आला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची) छायाचित्रे, गस्तीच्या नोंदवह्या आणि पक्ष्यांच्या याद्या साठून राहिलेल्या असतात आणि त्यांतील एकाही नोंदीमुळे पुढच्या हंगामाचे काम बदललेले नसते. अनुकूली व्यवस्थापनाची पद्धत हा दुरावा मिटवण्यासाठी आहे. सी. एस. हॉलिंग, कार्ल वॉल्टर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तिची मांडणी केली. परिसंस्थेबद्दलचे आपले ज्ञान अपुरे आहे हे आधी मान्य करायचे, व्यवस्थापनाची प्रत्येक मोठी कृती चाचणी म्हणून आखायची, तिचा परिणाम मोजायचा आणि त्या मोजमापावरून पुढची कृती ठरवायची, असे तिचे स्वरूप आहे. वाचायला सोपी वाटणारी ही पद्धत बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने फसते: मोजणी आधी सुरू होते आणि तिचे काय करायचे हा प्रश्न नंतर विचारला जातो. म्हणून या लेखातील पायऱ्यांचा क्रम उलटा आहे, आणि तो तसाच पाळावा.

पायरी १: अडलेला निर्णय लिहून काढा

‘वनातील जैवविविधतेची स्थिती जाणून घेणे’ हे निरीक्षणाचे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण कोणतेही उत्तर आले तरी त्यातून काही करावे लागत नाही. त्याऐवजी वनव्यवस्थापकाच्या हातात खरोखर कोणते पर्याय आहेत याची यादी करावी. गस्त गाभा क्षेत्रात ठेवायची की सीमेकडे वळवायची, वनातून जाणारा रस्ता रात्री बंद करायचा की नाही, परकीय झुडूप कोणत्या खोऱ्यातून आधी काढायचे, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) कधी काढायच्या, हे खरे निर्णय आहेत. प्रत्येक निर्णयापुढे तो घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो वर्षाच्या कोणत्या महिन्यात घेतला जातो, हे लिहावे. अहवाल अंदाजपत्रक मंजूर झाल्यानंतर दोन महिन्यांनी येणार असेल, तर त्याची अचूकता निरुपयोगी ठरते.

पुढील पायऱ्या स्पष्ट व्हाव्यात म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका राखीव वनात फळे खाणारे मोठे सस्तन प्राणी आणि धनेशासारखे मोठे पक्षी कमी दिसू लागले आहेत, असे वनरक्षक सांगत आहेत. गस्तीचे मनुष्यबळ मर्यादित आहे. ते सीमेकडे वळवावे का, हा अडलेला निर्णय आहे.

पायरी २: एकाहून अधिक स्पष्टीकरणे समोरासमोर मांडा

अनुभवी माणसांच्या मनात कारण आधीच ठरलेले असते आणि तेच बहुधा बरोबरही असते. तरीही किमान तीन प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणे कागदावर उतरवावीत आणि प्रत्येक खरे असल्यास वनात काय दिसेल ते आधीच लिहावे. आपल्या उदाहरणात पहिले स्पष्टीकरण शिकारीचे आहे. ते खरे असेल तर घट रस्ते, नद्या आणि वस्त्यांपासून पोहोचण्याजोग्या अंतरात जास्त असेल, मोठे आणि संथ प्रजनन करणारे प्राणी आधी घटतील आणि लहान फलाहारी प्राण्यांची संख्या तशीच राहील किंवा वाढेलही. दुसरे स्पष्टीकरण फळधारणा कमी झाल्याचे आहे. त्यात घट गाभ्यातही दिसेल, लहान फलाहारींनाही झळ बसेल आणि झाडांच्या मासिक फळनोंदीत ती आधीच उमटलेली असेल. तिसरे स्पष्टीकरण केवळ स्थलांतराचे आहे: प्राणी नदीकाठच्या किंवा उंबर-वडाच्या कुळातील झाडांच्या पट्ट्यांत सरकले आहेत, म्हणजे एकूण संख्या तीच आहे, फक्त आपल्या ठरलेल्या वाटांवर ते दिसत नाहीत.

या तीन स्पष्टीकरणांमागून तीन वेगळ्या कृती येतात, म्हणूनच त्यांतील फरक मोजण्यासारखा आहे. दोन स्पष्टीकरणांनंतर करायची कृती एकच असेल, तर त्यांच्यातील फरक शोधण्यावर पैसा घालवू नये. संशोधकाला हा नियम रुक्ष वाटेल, पण वनाचे अंदाजपत्रक सांभाळणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

याच टप्प्यावर वनात आणि वनालगत राहणाऱ्या लोकांशी बोलावे. कोणते झाड कोणत्या वर्षी फळले नाही, कोणता पाणवठा आटला, फासे कोणत्या ओढ्याला लागतात, हे त्यांना आधी माहीत असते. मात्र त्यांची माहिती घेताना ती कशासाठी वापरली जाणार हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी आणि कामाचा मोबदला द्यावा. कोस्टा रिकातील इन्‌बायो या १९८९ साली स्थापन झालेल्या संस्थेने ग्रामीण रहिवाशांना प्रशिक्षण देऊन नमुने गोळा करण्याचे आणि प्राथमिक वर्गीकरणाचे काम त्यांच्याकडे सोपवले होते. स्थानिक माणूस केवळ वाटाड्या नसून निरीक्षकही होऊ शकतो, हे त्या प्रयोगाने दाखवले.

पायरी ३: मोजायच्या गोष्टी कमी ठेवा

वर लिहिलेली भाकिते तपासण्यासाठी जेवढे लागते तेवढेच मोजावे. आपल्या उदाहरणात मोठ्या फलाहारींची व्याप्ती (पाहणीच्या एकूण जागांपैकी किती जागी ते वावरतात याचे प्रमाण), लहान फलाहारींची व्याप्ती, ठरावीक झाडांची मासिक फळधारणा आणि शिकारीच्या खुणा एवढे पुरेसे आहे. सस्तन प्राण्यांच्या एकूण स्थितीचा स्वस्त अंदाज हवा असेल तर शेणकिडे उत्तम निर्देशक ठरतात: त्यांचे अन्न प्राण्यांच्या विष्ठेवर अवलंबून असते, जमिनीत पुरलेल्या साध्या भांड्यांच्या सापळ्यांत ते एक-दोन दिवसांत मिळतात आणि वनाच्या रचनेतील बदलाला ते लवकर प्रतिसाद देतात. अट एवढीच की ते ओळखणारा तज्ज्ञ हाताशी हवा.

या नियमाला एक अपवाद ठेवावा. पनामातील बॅरो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरच्या भूखंडात १ सेंमी किंवा त्याहून अधिक व्यासाचे प्रत्येक खोड १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मोजले जात आहे. तशा खोडांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. १९८२-८३ च्या एल निनोच्या कोरड्या काळानंतर तेथील वृक्षांचा मृत्युदर वाढल्याचे समजले, ते ही मोजणी आधीच सुरू असल्यामुळे. पनामातच एल कोपे येथे बेडकांचे निरीक्षण काही वर्षे चालू होते. २००४ साली बेडकांना रोग जडवणारी कायट्रिड बुरशी तेथे पोहोचली आणि काही महिन्यांत बेडकांची संख्या कोसळली, तेव्हा आधी तेथे काय होते हे सांगणाऱ्या नोंदी हाताशी होत्या. अशी अनपेक्षित संकटे कोणत्याही निर्णय-यादीत नसतात. म्हणून निरीक्षणाच्या खर्चाचा लहानसा, पण अभंग राहील असा हिस्सा दीर्घकालीन मूलभूत मोजणीसाठी राखून ठेवावा आणि तो टंचाईच्या वर्षीही कापू नये.

पायरी ४: जागा सोयीने निवडू नका

वाटेच्या कडेला कॅमेरा लावणे सोपे असते आणि तेथे छायाचित्रेही भरपूर येतात. पण त्यातून वाटेवरून चालणाऱ्या प्राण्यांची माहिती मिळते, वनाची नाही. नकाशावर समान अंतराची जाळी टाकावी, तिचा आरंभबिंदू चिठ्ठी काढून किंवा संगणकाने यादृच्छिक ठरवावा आणि वनप्रकार, उंची व सीमेपासूनचे अंतर यांनुसार जागांची विभागणी करावी. उष्णकटिबंधीय वनांच्या ‘टीम’ या आंतरराष्ट्रीय जाळ्याने प्रत्येक वनात किमान ६० कॅमेरा-जागा, दर १ किंवा २ चौरस किलोमीटरला एक आणि प्रत्येक जागी वर्षातून सलग ३० दिवस, तेही कोरड्या हंगामात, अशी पद्धत वापरली. नव्याने सुरुवात करणाऱ्या वनाने यापासून आरंभ करून आपल्या प्रश्नानुसार फेरफार करावा. ठरलेला बिंदू दरीत किंवा कोसळलेल्या झाडाखाली आला तर किती मीटरांच्या आत तो हलवता येईल, हेही आधीच लिहून ठेवावे. नाहीतर प्रत्येक पथक तो आपापल्या सोयीच्या दिशेने हलवते.

पायरी ५: न दिसणे आणि नसणे वेगळे करा

संपूर्ण पद्धतीतील सर्वाधिक चुका या पायरीवर होतात, म्हणून हिशेब करून पाहू. समजा ४० जागांपैकी २६ जागी एखादा प्राणी खरोखर वावरतो. निरीक्षक प्रत्येक जागेला ४ भेटी देतात आणि प्राणी तेथे असताना एका भेटीत तो आढळण्याची संभाव्यता ०.३ आहे. चारही भेटींत तो न आढळण्याची संभाव्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.२४ येते, अर्थात तो किमान एकदा आढळण्याची संभाव्यता ०.७६ आहे. त्यामुळे २६ पैकी सरासरी २० जागीच त्याची नोंद होईल. पुढच्या वर्षी पथक अनुभवी झाले आणि एका भेटीतील संभाव्यता ०.४५ झाली, तर किमान एकदा आढळण्याची संभाव्यता ०.९१ होते आणि नोंद २४ जागी होते. अहवालात २० टक्के वाढ दिसते, सीमेवरच्या गस्तीला तिचे श्रेय मिळते, आणि वनात मात्र काहीही बदललेले नसते.

यावरचा उपाय असा की, प्रत्येक जागेला एकाच हंगामात पुनःपुन्हा भेट द्यावी आणि ‘दिसले’ इतकेच ‘दिसले नाही’ हेही प्रत्येक भेटीनिहाय नोंदवावे. कॅमेरा ट्रॅपच्या बाबतीत पाच किंवा सहा दिवसांचा गट एक भेट समजता येतो. अशा नोंदींवरून व्याप्ती आणि आढळण्याची संभाव्यता या दोन्हींचा वेगवेगळा अंदाज काढणारी संख्याशास्त्रीय प्रतिमाने २००२ नंतर सर्वत्र रूढ झाली असून त्यांची मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. निरीक्षकाचे नाव, पाऊस, वाऱ्याचा जोर, झाडोऱ्याची दाटी आणि वेळ या गोष्टी नोंदपत्रकात असल्या पाहिजेत, कारण संभाव्यता त्यांनुसार बदलते. फार विरळ प्राण्यांच्या बाबतीत प्रतिमानही हात टेकते. तेव्हा कल सांगता येत नाही असे स्पष्ट लिहावे आणि सोबतीच्या प्रजातींचा गट करून अंदाज काढावा.

हाच दोष गस्तीच्या नोंदींत अधिक तीव्रपणे येतो. या वर्षी दुप्पट फासे सापडले, म्हणजे शिकार दुप्पट झाली की गस्त दुप्पट झाली? सापडलेल्या फाशांची संख्या नेहमी चाललेल्या अंतराने भागून द्यावी आणि शिवाय काही यादृच्छिक चौकोनांत, गस्तीच्या नेहमीच्या वाटा सोडून, ठरावीक वेळ शोध घ्यावा. शिकारीला नेमकी तीच वाट माहीत असते जी वनरक्षक टाळतो.

पायरी ६: प्रत्यक्ष वनातील शिस्त

कॅमेरा जमिनीपासून ३० ते ५० सेंमी उंचीवर, शक्यतो उत्तर किंवा दक्षिण दिशेला तोंड करून बांधावा. पूर्व-पश्चिम दिशेला उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येतो आणि रिकाम्या छायाचित्रांचा ढीग तयार होतो. समोरचे गवत आणि हलणाऱ्या फांद्या काढाव्यात. बहुतेक कॅमेऱ्यांचा संवेदक प्राण्याचे शरीर आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातील फरकावर चालतो, त्यामुळे कडक दुपारी त्याची क्षमता घटते. दुपारी प्राणी कमी हिंडतात असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. दमट हवेसाठी आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. निघण्यापूर्वी तारीख आणि वेळ तपासावी आणि कॅमेऱ्यासमोरून चालत जाऊन चाचणी घ्यावी. आमिष वापरायचे असेल तर सर्व जागी आणि सर्व वर्षी सारखेच वापरावे, नाहीतर अजिबात वापरू नये. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते.

वृक्षांच्या भूखंडात खोडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजतात. बुंध्याला टेकू देणारी पसरट आधार-मुळे त्याहून उंच असतील तर ती संपतात तेथून ५० सेंमी वर मोजावे आणि त्या उंचीची नोंद ठेवावी. मोजणीच्या जागी रंगाची रेघ ओढावी आणि क्रमांकाचा पत्रा ठोकायचा खिळा त्या रेघेपासून दूर ठेवावा, कारण खिळ्याभोवती खोड फुगते. वनवृक्ष वर्षाला बहुधा काही मिलिमीटरच वाढतात. मोजणीची जागा चार बोटे सरकली तरी पाच वर्षांची वाढ पुसली जाते किंवा नसलेली वाढ दिसते. महावेली खोडाला चिकटलेली असल्यास फीत तिच्याखालून सरकवावी, तिच्यावरून नाही.

ठरावीक रेषेवरून चालत प्राणी मोजायचे असतील तर प्राणी प्रथम दिसला त्या जागेपासून रेषेपर्यंतचे लंबांतर मोजावे. तो पळून जिथे थांबला तिथपर्यंतचे अंतर चालत नाही. घनतेचा विश्वासार्ह अंदाज येण्यासाठी साधारण ६० ते ८० दर्शने लागतात. तेवढी मिळणार नसतील तर या पद्धतीचा हट्ट धरू नये. ध्वनिमुद्रक यंत्रे पक्षी, बेडूक आणि रात्रीची बंदुकीची बारसुद्धा टिपतात. त्यांचा खरा खर्च यंत्राचा नसून नंतर ते ध्वनी ओळखण्याचा आहे, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे. बेडकांच्या कामात बूट आणि जाळी प्रत्येक ओढ्यानंतर निर्जंतुक करणे आणि प्रत्येक प्राण्यासाठी नवे हातमोजे वापरणे बंधनकारक असावे. निरीक्षकच रोग वाहून नेण्याचा धोका खरा आहे.

पायरी ७: नोंदी

नोंदपत्रके त्याच दिवशी संगणकात भरावीत, मूळ प्रत कधीही दुरुस्त करू नये आणि दुरुस्त्या वेगळ्या प्रतीत तारीख व नावासह कराव्यात. ‘ओळख अनिश्चित’ असा स्वतंत्र रकाना असावा; तो नसला की निरीक्षक अंदाजाने नाव भरतो. दुर्मीळ ऑर्किड, खवले मांजर यांसारख्या तस्करीग्रस्त प्रजातींची नेमकी ठिकाणे जाहीर प्रतीतून काढून टाकावीत.

पायरी ८: कृतीलाच चाचणीचे रूप द्या

निरीक्षणाने घट झाल्याचे समजते, पण आपल्या कृतीने फरक पडला का हे केवळ निरीक्षणाने समजत नाही. आपल्या उदाहरणात सीमेलगतच्या पट्ट्याचे बारा भाग पाडून त्यांपैकी सहा भागांत चिठ्ठी काढून गस्त वाढवावी आणि उरलेल्या सहा भागांत ती पूर्वीइतकीच ठेवावी. कृतीच्या आधी किमान एक-दोन हंगाम आणि कृतीनंतर तेवढेच हंगाम सर्व बारा भागांत मोजणी व्हावी. दोन्ही गटांत सारखाच बदल दिसला तर तो पावसाचा किंवा फळधारणेचा असण्याची शक्यता जास्त. फरक फक्त गस्तीच्या भागांत दिसला तर पहिल्या स्पष्टीकरणाला बळ मिळते. शिकारी शेजारच्या भागात सरकल्यास फरक फुगवून दिसतो, म्हणून भागांच्या मध्ये मोकळा पट्टा सोडावा.

काही भागांना मुद्दाम कमी संरक्षण देणे वनाधिकाऱ्यांना पटत नाही आणि हा आक्षेप गैरवाजवी नाही. पण मनुष्यबळ अपुरेच असते तेव्हा काही भाग तसेही वंचित राहणारच असतात. ते कोणते हे सोयीऐवजी चिठ्ठीने ठरले तर त्याच खर्चात ज्ञानही मिळते. एखादी प्रजाती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असेल, तेव्हा मात्र हा युक्तिवाद लागू करू नये. तेथे सर्वत्र संरक्षण द्यावे आणि शिकणे दुय्यम मानावे.

पायरी ९: उंबरठे आधी ठरवा, बैठक वेळेवर घ्या

पहिला आकडा हाती येण्यापूर्वी नियम लिहून त्यावर संबंधितांच्या सह्या घ्याव्यात. उदाहरणार्थ: ‘सीमापट्ट्यातील मोठ्या फलाहारींची अंदाजित व्याप्ती दोन वर्षांत एक पंचमांशाहून अधिक घटली आणि गाभ्यात तशी घट नसली, तर गस्तीचे निम्मे तास पुढील हंगामापासून सीमेकडे वळवले जातील.’ आकडे आल्यानंतर उंबरठा ठरवायला बसले की प्रत्येकाला आपल्या आवडत्या कृतीला साजेसा उंबरठा सापडतो.

एक पंचमांश घट ओळखण्याइतकी आपली मोजणी अचूक आहे का, हे कृत्रिम आकड्यांवर आधी तपासावे. अंदाजाची विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या दोन टोकांच्या दरम्यान असण्याची खात्री वाटते तो पल्ला) त्या घटीपेक्षाच रुंद येत असेल तर जागा वाढवाव्यात, भेटी वाढवाव्यात किंवा नियम बदलावा. तसाच पुढे रेटू नये. येथे दोन प्रकारच्या चुकांची किंमतही तोलावी लागते. खोटा इशारा मिळाला तर एका हंगामाची गस्त चुकीच्या ठिकाणी जाते. खरा इशारा हुकला तर नुकसान दशकांचे असू शकते: टॅपिर या मोठ्या शाकाहारी सस्तन प्राण्याची मादी सुमारे १३ महिन्यांच्या गर्भकाळानंतर एकच पिल्लू देते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही. म्हणून खोट्या इशाऱ्याची जोखीम ५ टक्क्यांवर ठेवण्याचा संशोधनपत्रिकांतील संकेत येथे डोळे झाकून वापरू नये. संथ प्रजननाच्या प्राण्यांसाठी १० किंवा २० टक्के खोट्या इशाऱ्याची जोखीम पत्करणे शहाणपणाचे असते.

वार्षिक बैठक अंदाजपत्रकाच्या आधी व्हावी. तिच्यासाठी एका पानाचा गोषवारा पुरे: कोणता निर्णय होता, कोणते भाकीत होते, आकडा आणि त्याची मर्यादा काय आली, नियमानुसार काय करायचे. कृती न बदलण्याचा निर्णय झाला तर त्याचे कारणही कार्यवृत्तात लिहावे. तीन-चार वर्षांनी एकदा प्रश्नांचाच फेरविचार करावा: स्पष्टीकरणांपैकी कोणते बाद झाले, कोणते नवे सुचले, आणि कोणती मोजणी आता कोणत्याच निर्णयाला जोडलेली नाही. अशी मोजणी थांबवणे हेही या पद्धतीतील कामच आहे, जरी ते करायला कोणी पुढे येत नाही.

पायरी १०: पद्धत बदलताना

नवा कॅमेरा, नवे ध्वनियंत्र किंवा पाण्यातील डीएनएची चाचणी आली की जुनी पद्धत एका दिवसात टाकून दिली जाते आणि तेथेच आकड्यांची मालिका तुटते. किमान एक, शक्यतो दोन हंगाम दोन्ही पद्धती त्याच जागी शेजारी-शेजारी चालवाव्यात आणि त्यांच्यातील रूपांतराचे प्रमाण काढून ते नोंदींसोबत कायम जोडून ठेवावे. निरीक्षक बदलतानाही हाच नियम पाळावा: जुन्या आणि नव्या व्यक्तीने काही जागा स्वतंत्रपणे मोजाव्यात आणि दोघांच्या आकड्यांतील फरक पुढील विश्लेषणात धरावा.